वासमावशी आणि मागचं फाटक

शाळेच्या भोजनगृहात आलेली कुठलीही वस्तू आधी मावशीच्या नाकाखालून जायची, मग पोरांच्या ताटात. दुधाचं झाकण उघडलं की हुंगायचं, अंडं फोडलं की हुंगायचं, पुसायची फडकी उन्हात कडक वाळली तरी हुंगायची. पोरांनी तिला वासमावशी म्हणायला सुरुवात केली आणि वसाहतीनं ते नाव उचलून धरलं. तिला त्याचा राग नव्हता. राग होता तो घाणीचा. दुधावरची साय ओठाला लागली तरी लहानपणी ती ताटावरून उठायची. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "ही पोरगी सासरी उपाशी मरणार." ती मेली नाही. शाळेच्या बसचा ड्रायव्हर तिनं नवरा म्हणून पसंत केला, कारण त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता आणि दुसऱ्या कशाचाही येत नव्हता.

वसाहत जंगलाच्या कुशीत होती. निदान ती विकली गेली तेव्हा असंच सांगितलं होतं. तीन बाजूंना उतार, उतारावर उंच, तेलकट पानांची झाडं, आणि खाली गुडघाभर वाळकी झुडपं. उन्हाळ्यात पानं गळून छपरांच्या पन्हळीत भरायची. चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. बाहेर पडायला पुढून एक रस्ता, तोही वळणाचा. मागच्या ओळीपाशी एक लोखंडी फाटक होतं. त्यातून बाहेर पडलं की दगडखाणीचा जुना रस्ता लागे आणि तो थेट नदीकाठी जाई.

या वसाहतीचे अध्यक्ष म्हणजे मावशीच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा नवरा. दाजी. उंच, गोरेगोमटे, शर्टाला कडक इस्त्री, आणि सगळ्या अंगावर अत्तराचा असा फवारा की ते कोपऱ्यावर असतानाच मावशीला शिंक यायची. दाजींची भाषा लोण्यासारखी. पण जेवताना ते बोटानं दात कोरायचे आणि तेच बोट ताईच्या पदराला पुसायचे. ताई हूं की चूं करायची नाही. ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं, तेव्हापासून मावशीनं त्यांच्या पंगतीला बसायचं सोडलं होतं.

दर उन्हाळ्याच्या तोंडाला अग्निशमन दलाचा एक अधिकारी यायचा. घाम पुसत सगळी वसाहत फिरायचा. घरांलगतची झुडपं काढा, पन्हळी साफ करा, सरपणाचे ढीग भिंतीपासून लांब रचा, आणि ते मागचं फाटक उघडं ठेवा. दाजी त्याला सरबत पाजायचे. तो गेला की म्हणायचे, "लोकांनी हिरवाईसाठी इथं घरं घेतली. टक्कल करून ठेवलं तर कोण राहील?" फाटकाला तर त्यांनी स्वतःच कुलूप घातलं होतं. खाणीकडची माणसं आतून जा-ये करतात, कचरा टाकतात, हे कारण. अधिकारी एकदा चिडून म्हणाला, "आग आली तर मागची ओळ कुठून निघणार?"

"किल्ली आहे की माझ्याकडे," दाजी हसले. "मी काय पळून चाललोय?"

मावशी तेव्हा तिथेच होती. सरबताचे पेले उचलत होती. तिला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. पण अध्यक्षाची मेहुणी म्हणून तोंड उघडलं की ताईच्या घरात भांड्याला भांडं लागणार. ती पेले घेऊन आत गेली.

आग आली ती दुपारी. आणि गंमत अशी की वसाहतीतल्या सगळ्यात तिखट नाकाला त्या आगीचा पत्ता लागला नाही. मोठ्या कढईत कांदा परतायला टाकला होता. त्या वासापुढे डोंगरामागचा धूर कुठला कळायला? नवरा धावत आला आणि दारातूनच ओरडला, "गॅस बंद कर! पोरांना बसमध्ये घाल!" तिनं बाहेर पाहिलं तर ऊन तांबडं झालं होतं, आणि अंगणात राखेचे तुकडे खाली येत होते.

पोरं बसमध्ये कोंबली. पुढच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. कोणी गाद्या टपावर बांधलेल्या, कोणी कुत्र्याला मांडीवर घेतलेलं. उजव्या हाताचा उतार धडधडत पेटत होता, आणि ती झाडं पेटत नव्हती तर फुटत होती, फटाक्यांसारखी. मावशीनं पोरांना खाली वाकायला लावलं, ओले टॉवेल तोंडावर धरायला लावले. वळणावर तिनं मागे बघितलं. मागची ओळ धुरात बुडाली होती. बस थांबवणं शक्य नव्हतं. थांबव, असं तिनं नवऱ्याला म्हटलंही नाही.

सगळे शहरातल्या एका मोठ्या सभागृहात पोचले. मावशी ताईला शोधत होती. ताई नव्हती, दाजीही नव्हते. मग शेजारीण म्हणाली, "ते सकाळीच गेले की. मी विचारलं, सामान भरून कुठं निघालात? तर म्हणाले, शहरात जरा काम आहे." पुढे कळलं की अग्निशमन दलातल्या एका ओळखीच्या माणसानं दाजींना सकाळीच फोन केला होता. आग डोंगर ओलांडेलसं दिसतंय, लोकांना हलवायला लागा. दाजींनी बायको, दागिने, कागदपत्रं आणि एक रंगीत दूरदर्शन संच हलवला. लोकांना सांगितलं नाही, कारण उगाच घबराट नको.

फाटकाची किल्ली त्यांच्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती.

मागच्या ओळीत शेवटचं घर घड्याळवाल्या काकांचं. काकांनी अख्खं आयुष्य लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलं होतं आणि आता गुडघे गेले होते. काकू त्यांना स्कूटरवर मागे बसून सांभाळायच्या, म्हणजे पडायला लागले की सावरायच्या. संध्याकाळी काकू सभागृहात आल्या त्या एकट्या, दोन्ही तळहातांना पट्ट्या बांधलेल्या. मावशीनं त्यांना आपल्या सतरंजीवर घेतलं. दोन घोट पाणी पाजलं तेव्हा त्या बोलल्या.

"फाटक जवळ म्हणून आम्ही तिकडेच गेलो. कुलूप. मी ओढलं, हलवलं. लोखंड तापलं होतं गं, कळलंच नाही मला. हे म्हणाले, थांब, तुला पलीकडे टाकतो. मला उचललं यांनी. एवढं कुठून बळ आलं... मी पलीकडे पडले. म्हटलं, आता तुम्ही या. तर म्हणाले, माझे पाय चढायचे नाहीत. तू हो पुढे, मी पुढच्या रस्त्यानं वळसा घालून येतो."

काकांची स्कूटर पुढच्या वळणावर सापडली. काकाही तिथंच.

वसाहत परत उघडली तेव्हा अर्धी घरं कोळसा झाली होती आणि अर्धी उभी होती. उभ्या घरांचं नशीबही काही बरं नव्हतं. वीज कधीची गेलेली. प्रत्येक घरात बंद फ्रीज, आणि प्रत्येक फ्रीजमध्ये कोणीतरी हौसेनं भरून ठेवलेलं सामान. गल्लीत शिरलं की आधी राखेचा कडवट वास, मग त्याच्या खालून हळूच वर येणारा दुसरा. गोड, जाड, घशाला चिकटणारा. लोक दारापर्यंत जायचे आणि नाक दाबून परत यायचे.

मावशीनं पहिल्यांदा शाळेचं शीतकपाट उघडलं. आतली मासळी आणि कोंबडी ओळखू येत नव्हती. सगळ्याचा एकच करडा लगदा झाला होता आणि तो हलत होता. ती बाहेर जाऊन भडाभडा ओकली. तोंड धुतलं, परत आली, परत ओकली. तिसऱ्यांदा आत गेली तेव्हा पोटात काही उरलंच नव्हतं. नवरा म्हणाला, "तू सोड, मी करतो." ती म्हणाली, "तुला नीट वास येत नाही. तू निम्मं आतच ठेवशील."

मग शेजारणीचा फ्रीज तिनंच काढला. मग पलीकडच्या म्हाताऱ्याचा. नाकाला मलम चोपडायचं, त्यावर फडकं, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे. चिकटपट्टीनं दार बांधून कपाटच्या कपाट बाहेर काढायचं, आणि जे काढता येत नाही ते जागेवर खरवडायचं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. काकू तिच्याच घरी राहत होत्या, आणि त्या वासानं काकूंना झोप लागत नव्हती. एवढं कारण तिला पुरे होतं. लोक म्हणायचे, "मावशी, तुला किळस कशी येत नाही?" ती म्हणायची, "येते की. रडू येईल इतकी येते."

दाजी सगळ्यांत शेवटी परतले. शहरात हॉटेलात होते. त्यांचं घर धडधाकट उभं होतं, भिंतीवर काजळीचा डागसुद्धा नव्हता. फक्त मागच्या खोलीत त्यांचा तो प्रसिद्ध फ्रीझर होता. पाहुण्यांना दाखवायचा, परदेशी, माणूस झोपेल एवढा लांब. अख्खे मासे, मांसाचे तुकडे, सगळं भरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मावशीच्या दारात आली.

"छोटे, चल ना जरा. मला एकटीला जमायचं नाही."

"दाजी काय करतायत?"

"त्यांना सहन होत नाही गं वास."

मावशी गेली. दाजींसाठी नाही. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि इतक्या घरांची सवय झालेली ती, तिचेही पाय मागे सरले. फ्रीझरच्या फटीतून तपकिरी पाणी गळून फरशीवर वाळलं होतं, आणि त्यावर माश्यांचा असा थर बसला होता की फरशी काळी आहे असंच वाटावं. तिनं झाकण उचललं. आत काय होतं ते तिनं पुढे कुणालाही सांगितलं नाही. फक्त त्या घाणीकडे बघताना तिला ओसरीवरून आवाज ऐकू येत होता. दाजी फोनवर बोलत होते.

"हो, फाटक नवीनच सांगितलंय. जुनं वाकलं ना, त्या बाईनं हलवून हलवून... नाही नाही, कुलूप तर लागणारच. सुरक्षेचा प्रश्न आहे."

मावशीनं झाकण उघडंच ठेवलं. ओसरीवर आली. दाजी नाकाशी अत्तराचा रुमाल धरून खुर्चीत बसले होते, समोर चहा, चहाबरोबर बिस्किटं. तिनं हातातले मोजे काढले आणि बिस्किटांच्या बशीत ठेवले.

दाजी ताडकन उठले. "अगं ए! वेड लागलंय का तुला?"

"उघडून ठेवलाय, दाजी. आता तुम्ही काढा."

"मी?"

"तुम्हीच भरलाय."

"हे बघ, तुझ्या मनात काय आहे ते कळतं मला. काकांचं वाईट झालं. पण माणसानं घाबरून जाऊ नये. शांत डोक्यानं पुढचा रस्ता धरला असता तर..."

मावशीला वाटलं, मागच्या खोलीतला वास बरा. त्याला निदान लाज असते, तो झाकण उघडेपर्यंत आत थांबतो. तिच्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. ती म्हणाली, "सकाळी फोन आला होता ना तुम्हाला?"

दाजींनी दारात आलेल्या ताईकडे बघितलं. सवयीनंच बघितलं, जसं दात कोरून झाल्यावर पदराकडे बघायचे. आणि ताईनं पुढे होऊन बशीतले मोजे उचलले, हातात चढवले, आणि मुकाट्यानं मागच्या खोलीत गेली.

मावशी अंगणात उभी राहिली. घरी जावं, काकूंना चहा करून द्यावा, असं तिनं ठरवलं. मग आतून ताईच्या ओकण्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग बादली पडल्याचा. मावशीनं स्वतःला एक कचकचीत शिवी दिली आणि आत गेली. दोघी बहिणींनी मिळून दाजींचा फ्रीझर काढला. दाजींनी तेवढ्यात दुसरा चहा स्वतःच करून घेतला, हा त्यांचा त्या दिवसातला पराक्रम.

अर्ध्यावर आल्यावर ताई म्हणाली, "तू मला नावं ठेवतेस ना मनात?"

"हो," मावशी म्हणाली. "खराटा इकडे दे."

एवढंच बोलणं झालं. घरी येऊन मावशी तीनतीनदा साबण लावून न्हाली, तरी तिला स्वतःचीच शिसारी येत राहिली. मोजे बशीत ठेवण्याचा रुबाब काय कामाचा, शेवटी घाण त्याचीच आणि हात आपलेच. नवऱ्याला ती म्हणाली, "त्या माणसाला कधीच काही काढावं लागत नाही." नवरा म्हणाला, "म्हणून तर तो अध्यक्ष आहे."

पण फाटकाला कुलूप काही लागलं नाही. तो अग्निशमन अधिकारी चौकशीला आला, तेव्हा काकू त्याच्यासमोर बसल्या आणि पट्ट्या सोडलेले तळहात त्यांनी टेबलावर उताणे ठेवले. मावशीनं सरबताच्या दिवसाचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं, दाजींचं हसणंसुद्धा. शेजारणीनं सकाळच्या गाडीचं सांगितलं. वरून हुकूम आला: मागचा रस्ता कायम मोकळा, नुसता अडसर चालेल, कुलूप नाही. दाजींवर खटला होईल असं लोकांना वाटलं होतं. झालं असं की त्यांना एक समज देण्यात आली. कडक शब्दांत, म्हणे.

आणि मग दाजींनी जे केलं त्याला मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं याशिवाय दुसरा शब्द नाही. एक दिवस वसाहतभर पत्रकं वाटली गेली. नव्या मार्गाचं उद्घाटन. फाटकापाशी मांडव, खुर्च्या, आणि एक चकचकीत पाटी. पाटीवर घड्याळवाल्या काकांच्या स्मरणार्थ असं लिहिलेलं, आणि त्याच्या खाली दुप्पट मोठ्या अक्षरांत, "अध्यक्षांच्या पुढाकाराने".

काकूंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. दाजींनी छातीवर हात ठेवून भाषण केलं. काका आपले मार्गदर्शक होते, आपल्यातून गेले तरी मार्ग दाखवून गेले. मावशी मागे उभी होती. तिला ते शब्द अंगावर चिकटल्यासारखे वाटत होते. मग दाजींनी ताट पुढे केलं. "फीत काकूंच्या हस्ते कापली जावी, ही आपणा सर्वांची इच्छा."

काकूंनी ताटातली कात्री बघितली.

"कात्री कशाला?" त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण ध्वनिक्षेपक जवळ होता. "त्या दिवशी किल्ली हवी होती."

मागून कुणीतरी, भाषण संपलं असं समजून, दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबला. दाजींचा चेहरा क्षणभर उतरला. फक्त एक क्षण. मग त्यांनी ध्वनिक्षेपक आपल्याकडे वळवला. "काकूंच्या भावना आपण सगळेच समजू शकतो," ते म्हणाले, आणि फीत स्वतः कापली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही, पण पुरेशा. मावशीनं मांडवाच्या कनातीमागे जाऊन थुंकून घेतलं.

पुढची निवडणूक झाली आणि दाजी पुन्हा निवडून आले. दुसरं उभं कोण राहणार? ज्यांची घरं जळली ते निघून गेले होते, आणि ज्यांची उरली त्यांना घराच्या किमतीची काळजी होती. मावशीला कुणीतरी म्हटलं होतं, तू उभी राहा. ती म्हणाली, "मला त्या खुर्चीचा वास येतो."

पण उन्हाळा तोंडावर आला तशी ती विळा घेऊन कुंपणाकडे निघाली. झुडपं पुन्हा गुडघाभर वाढली होती. जळालेल्या जमिनीत ती अधिकच जोमानं येतात. तिच्याबरोबर नवरा, काकू, ती शेजारीण आणि शाळेतले दोन मास्तर. बाकीच्यांनी खिडकीतून हात हलवले. काहींनी सांगितलं, कापलेला पाला आमच्या दारासमोर टाकू नका, बरं दिसत नाही. काकूंना विळा नीट धरता येत नव्हता, म्हणून त्या कापलेला पाला लांब दांड्याच्या पंज्यानं ओढून गोळा करायच्या.

चौथ्या की पाचव्या सकाळी दाजी आले. बरोबर फोटो काढणारा. त्यांनी शेजारणीच्या हातातला विळा घेतला, वाकले, फोटो झाला, विळा परत दिला. पँटला चिकटलेली कुसळं झटकत म्हणाले, "छान चाललंय, चालू द्या."

मावशी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिला वाटत होतं, कधीतरी किळससुद्धा संपत असेल, माणसाला सवय होत असेल. तिला होत नव्हती. ती पुन्हा वाकली.

थोड्या वेळानं शेजारी कोणीतरी उकिडवं बसल्याचं जाणवलं. ताई होती. घरात नेसायचं जुनं पातळ, डोक्याला फडकं, हातात स्वयंपाकघरातली सुरी. सुरीनं झुडूप कापलं जात नव्हतं, नुसतं वाकत होतं.

"त्यांना सांगून आलीस?" मावशीनं विचारलं.

"नाही."

मावशीनं आपला विळा तिला दिला आणि दुसरा आणायला उठली.